लेकराला वकील करायचंय? आधी कागद जुळवा



कापसाची वेचणी उरकत आली, तुरी झोडून झाल्या, की या सदराकडे येणारी पत्रे पालटतात. फवारणी आणि खताचे प्रश्न मागे पडतात आणि घरातल्या शिकत्या लेकरांची चिंता पुढे येते. यंदा बऱ्याच पत्रांत एकच विचारणा आहे : वकिलीला प्रवेश कसा घ्यायचा?

जिंतूर तालुक्यातले एक वाचक लिहितात, "तीन एकर कोरडवाहू. बांधाचा दावा अकरा वर्षं चालू आहे. प्रत्येक तारखेला मी आणि पोरगी एसटीनं जातो, पुढची तारीख घेऊन येतो. पोरगी बारावीला आहे. ती म्हणते, बाबा, मीच वकील होते. हिला कुठं घालू, किती पैसा लागंल, आणि आमच्यासारख्याच्या लेकराला हे झेपंल का?"

दादा, पोरीचे म्हणणे अगदी रास्त आहे. वहिवाट, वाटणी, वारसाची नोंद, शेतरस्ता, भूसंपादनाचा मोबदला, पीकविम्याची तक्रार, या सगळ्यांना कायद्याचे हाड आहे. शेताचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागण्याची सोय १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमात आहे. परंतु हे गावात किती जणांना ठाऊक असते? घरात एक माणूस कायदा शिकलेला असला तर निदान कोणत्या कचेरीत कोणता अर्ज करायचा हे तरी कळते. म्हणून या वेळी सारी जागा याच विषयाला देत आहे. पान कापून ठेवावे.

दोन वाटा

वकिलीला जाण्याच्या वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, आणि कोणतीही पदवी घेतल्यानंतर तीन वर्षांचा. बारावी कला, वाणिज्य, विज्ञान कोणत्याही शाखेची चालते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी झालेल्यालाही तीन वर्षांच्या वर्गाला जाता येते. शेती कळणारा वकील आपल्या भागाला हवाच आहे.

यातली कोणती वाट घ्यावी? मुलाचे मन पक्के असेल तर पाच वर्षांची घ्यावी, एक वर्ष वाचते. मन दोलायमान असेल तर आधी पदवी करावी. हातात पदवी असली म्हणजे स्पर्धा परीक्षांचा रस्ताही खुला राहतो.

गुणांची अट बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत आहे. खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. पाच वर्षांसाठी हे गुण बारावीचे आणि तीन वर्षांसाठी पदवीचे धरतात. ४४.९ म्हणजे ४५ नव्हे, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या सीईटीला वयाची अट नाही. त्यामुळे पस्तिशीतल्या सुनेने किंवा चाळिशीतल्या गुरुजींनी अर्ज केला तरी चालतो.

मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल पुष्कळांनी विचारले आहे. दहावी, बारावी आणि मग पदवी अशा पायऱ्या चढून ती घेतली असेल तर चालते. दहावी-बारावी न करता थेट पदवीला बसलेल्यांना मात्र या नियमांनी दार बंद आहे.

आणखी एक. टपालाने किंवा घरबसल्या एलएलबी होत नाही. वर्गात हजेरी लागते, तीही सत्तर टक्के. "फक्त परीक्षेला या, बाकी आम्ही बघतो" असे कोणी म्हणत असेल तर त्याला दुरूनच रामराम करावा. अशी पदवी पुढे सनदेच्या वेळी अडते, आणि तोवर पैसाही गेलेला असतो, वर्षेही गेलेली असतात.

परीक्षा कोणती?

महाराष्ट्रात २०१६ पासून कायद्याच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सीईटी द्यावी लागते. पाच वर्षांची वेगळी, तीन वर्षांची वेगळी. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाशी होतात. नेमक्या तारखा दरवर्षी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर येतात. आठवड्यातून एकदा ते उघडून पाहावे, कोणाच्या सांगोवांगीवर राहू नये.

परीक्षा संगणकावर असते, दोन तासांची. पूर्वी १५० प्रश्न असत, २०२५ पासून १२० झाले. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. प्रश्न कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, तर्कशक्ती आणि इंग्रजी यांवर असतात. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडे गणितही असते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे प्रश्नपत्रिका मराठीतही असते. मराठी शाळेत शिकलेल्या लेकराने यासाठी घाबरून जाण्याचे कारण नाही. भूषण गवई २०२५ साली देशाचे सरन्यायाधीश झाले, त्यांचे प्राथमिक शिक्षण अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत झाले होते. बीडचे नरेंद्र चपळगावकर आधी मराठीचे प्राध्यापक, मग वकील आणि पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. मात्र इंग्रजी टाळूनही चालणार नाही. वरच्या न्यायालयांचे निकाल इंग्रजीत असतात. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा एक स्तंभ शब्दकोश घेऊन वाचायचा, इतके वर्षभर केले तरी पुरे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा निराळी, तिला क्लॅट म्हणतात. अशी विद्यापीठे आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. संभाजीनगरचे २०१७ साली सुरू झाले. क्लॅट फक्त इंग्रजीत असते, बहुधा डिसेंबरात होते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. तिथली फीही बरीच जास्त. लेकरू हुशार असेल, इंग्रजी बरे असेल तर जरूर बसवावे, पण सीईटी सोडून नव्हे.

पुस्तकांविषयी एक सावधगिरी. थोरल्या भावाची जुनी पुस्तके वापरणे आपल्या घराला नवे नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे कायदेही बदलले. जुन्या पुस्तकातले कलमांचे आकडे पाठ केले तर तेवढे श्रम फुकट जातील. राज्यघटनेचे जुने पुस्तक चालेल, फौजदारी कायद्याचे नवेच घ्यावे.

खरी अडचण सीईटीनंतर

गुण चांगले पडूनही प्रवेश हुकला, अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. कारण बहुतेक वेळा एकच. सीईटीचा अर्ज भरला म्हणजे प्रवेशाचाही अर्ज झाला, असा घरच्यांचा समज असतो. तसे नाही. निकाल लागल्यावर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. कागद चढवावे लागतात, ते तपासले जातात, चूक निघाली तर ठरल्या मुदतीत दुरुस्त करावी लागते, आणि मग महाविद्यालयांची पसंती भरावी लागते. हा काळ नेमका पेरणी-कोळपणीचा. शेतात चिखल, घरात कोणाला उसंत नाही, आणि तेवढ्यात मुदत सरते.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, अर्जात मोबाइल नंबर आणि ई-मेल लेकराचाच द्या. सेवा केंद्रवाल्याचा नंबर दिला की सगळे निरोप त्याच्याकडे जातात आणि तो बिचारा शंभर जणांचे अर्ज भरत असतो. दुसरे, संकेतशब्द वहीत लिहून ठेवा आणि भरलेल्या प्रत्येक अर्जाची छापील प्रत घ्या.

पसंतीक्रम भरताना जे महाविद्यालय मनापासून हवे ते पहिले लिहावे. "आपल्याला कुठलं मिळतंय" म्हणून खालचे वर लिहिले तर खालचेच पदरात पडते. आणि जिथे लेकराला पाठवणारच नाही, असे नाव यादीत मुळीच घालू नये.

जवळपासच म्हणाल तर परभणीत शिवाजी विधी महाविद्यालय आहे. नांदेडला नारायणराव चव्हाण, लातूरला दयानंद, छत्रपती संभाजीनगरला माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आहे. परभणी, नांदेड, लातूर, हिंगोली हे चार जिल्हे १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. लांबचे म्हणाल तर मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे आणि पुण्याचे आयएलएस १९२४ चे. त्यांचे नाव मोठे आणि चुरसही मोठी. पण पुण्यातल्या खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा हिशेब फीच्या आधी मांडावा. सेलू, पूर्णा, गंगाखेडहून परभणीला रेल्वेने ये-जा करता येते. मानवत-पाथरीहून एसटी आहे. घरी राहून शिकलेला वकील कमी ठरत नाही. उलट सुटीच्या दिवशी तालुक्याच्या न्यायालयातल्या एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली बसायची सोय होते.

कागदांची गोष्ट

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरातली लेकरे गुणांनी कमी आणि कागदांनी जास्त अडतात. पुढील कागद बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच एका पिशवीत घालून ठेवा : दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, वय व अधिवासाचा दाखला, आधार, पदवी झाली असेल तर सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, आणि शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचे शपथपत्र. मध्ये दोन वर्षे शेती केली म्हणून लाजू नये, तसे शपथपत्रात लिहून द्यावे.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला लागतो आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे जात पडताळणी. दाखला तालुक्याच्या गावी मिळतो, पडताळणी जिल्हा समितीकडे होते. तिला महिनोन् महिने लागू शकतात. म्हणून अकरावी-बारावीत असतानाच महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करावा. दरवर्षी सरकार मुदत वाढवील या भरवशावर बसू नये. वेळेत पडताळणी नसेल तर लेकराला खुल्या गटात धरतात आणि हातातली जागा जाते.

पडताळणीला जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे आजोबांच्या काळच्या नोंदी पुष्कळदा उर्दूत सापडतात. आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा काढावा, भूमिअभिलेख आणि तहसील कचेरीत खासरा पाहणी पत्रक पाहावे, उर्दू नोंद जाणकाराकडून वाचून घ्यावी. घरात आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, आत्या यांच्या नोंदी शोधाव्यात, वंशावळीने त्या जोडता येतात. भाऊबंदकीत अबोला असला तरी या कामापुरता तो सोडावा. आज तुम्ही त्यांना उतारा द्याल, उद्या ते तुम्हाला देतील.

इतर मागासवर्ग, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास या गटांना नॉन-क्रिमीलेयरचाही दाखला लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा चालू वर्षाचा आहे ना, हे पाहून घ्यावे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे, आणि या दाखल्याच्या उत्पन्न-चाचणीत शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत. चांगले पीक आले म्हणून दाखला मिळणार नाही, या भीतीने कोणी घरी बसू नये. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागत नाही. खुल्या गटातल्या दुर्बल घटकांसाठीचा दाखला वेगळा, तोही दरवर्षी नवा काढावा लागतो. राज्याचा आणि केंद्राचा नमुना निराळा असतो. सीईटीला राज्याचा आणि क्लॅटला कोणता हे अर्जात वाचूनच काढावा.

लग्न झालेल्या लेकी-सुनांसाठी एक खास गोष्ट. जातीचा दाखला आणि पडताळणी माहेरच्या, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यावर होते. नॉन-क्रिमीलेयरही आई-वडिलांच्या उत्पन्नावरून ठरतो. नाव बदलले असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडावे. सासरच्यांनी सुनेला शिकू द्यायचे ठरवले असेल तर आधी तिला चार दिवस माहेरी कागद काढायला पाठवावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, टीसीवर तिसरे, असे आपल्याकडे सर्रास असते. ही दुरुस्ती आजच सुरू करा.

पैशाचे काय?

शेत विकू नका, सावकाराकडे जाऊ नका. आधी पुढील सवलती तपासा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या लेकरांना बाहेरगावी राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. यांचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या आणि घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. त्यासाठी प्रवेश कॅपमधून झालेला असावा लागतो. प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाच्या कचेरीत विचारावे, "माझ्या मुलीला यातली कोणती सवलत लागू आहे?" आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. "आतून जागा करून देतो" म्हणणाऱ्या दलालाला एक छदामही देऊ नये.

पदवीनंतर

एलएलबी झाले की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनदेची नोंद करावी लागते. पूर्वी यासाठी भरमसाट रक्कम घेतली जाई. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात आहे तेवढीच फी घ्यायची : सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते, तीही मराठीतून देता येते.

न्यायाधीश व्हायचे असेल तर २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. पदवीबरोबर लगेच खुर्ची, असे गणित मांडू नये.

आणि हे स्पष्टच सांगतो, वकिलीच्या पहिल्या वर्षांत मिळकत फार थोडी. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्येष्ठ वकिलांना सुचवले, की शिकाऊ वकिलाला ग्रामीण भागात महिना निदान पंधरा हजार रुपये द्यावेत. पण ती सूचना आहे, सक्ती नव्हे. आंब्याचे कलम लावल्याबरोबर आपण पाडाची वाट पाहत नाही, तसेच हे समजावे. लेकरू पदवीधर झाले की दुसऱ्या महिन्यापासून घरखर्च मागू नये. निदान तीन वर्षे त्याला उभे राहू द्यावे. ही तयारी घरात नसेल तर तसे आजच लेकराला सांगावे, मध्येच हात काढून घेऊ नये.

जिंतूरच्या दादांना एवढेच कळवतो : मुलीला बारावीचा अभ्यास नीट करू द्या. तारखेला तुम्ही एकटे जा, तिला घरी ठेवा. तिच्या आजोबांच्या शाळेचा उतारा या महिन्यात काढा. ती वकील होईपर्यंत बांधाचा दावा कदाचित निकालात निघालेला असेल, नाहीतर तीच तो चालवील. पण तिने कायदा शिकावा तो एका बांधासाठी नव्हे, गावातल्या पन्नास बांधांसाठी.

पुढच्या अंकात शेतरस्त्याच्या अर्जासोबत कोणकोणते कागद जोडायचे ते पाहू. पत्रे पाठवत राहा, आणि पत्रात तालुक्याचे नाव लिहायला विसरू नका.